पलंगामागचं पातेलं

सोमवार, ४ सप्टेंबर

आज आलेलं सामान. छताच्या सांध्यांसाठी चिकटपट्टी, चार गुंडाळ्या, ३६०. फटी भरायचं पांढरं रबर, सहा नळ्या, ४८०. ते दाबायची बंदूक ९०. नको म्हणत होते, पण दुकानदाराने विचारलं, बाई, नळ्या काय दातांनी दाबणार? प्लायवूडचे दोन ताव, ११००. न गंजणारे स्क्रू, एक डबी, ९५. खरवडायची पट्टी आणि टोचायची आरी शेजारच्या वेल्डरने उसनी दिली, म्हणजे फुकट.

आणि घर. घर शनिवारीच आलं, चाकांवर. त्याची किंमत जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे आणि त्याखाली लिहायला काही उरलं नाही.

देवाच्या दयेने सगळं धडपणे पोचलं. घर म्हणजे आत राहता येईल अशी जुनी मोठी गाडी. तिचं इंजिन बंद पडलेलं आहे, म्हणूनच ती आम्हाला परवडली. वेल्डरने आपल्या ट्रकला बांधून ओढत आणली आणि वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत उभी केली. आमच्या ह्यांनी जन्मभर बस चालवली. आता न चालणाऱ्या गाडीत पुढच्या काचेपाशी बसून चहा पितात आणि मी मागून पुढे गेले की तिकीट विचारतात. पलंग आहे, दोन शेगड्या, दुमडतं टेबल, हातभर लांबीचं बेसिन. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या कप्प्यात देव बसवले. वन्संचं पत्र आलं. लिहितात, संसार चाकांवर नेलास ते बरं केलंस, आता सासर-माहेर दोन्ही मागच्या आरशात दिसेल.

विकणाऱ्या नर्सबाई एकट्याच होत्या. किल्ली देताना गॅस, पाण्याची टाकी, दिवे, सगळं समजावून सांगितलं. मग घरातल्या मांजराबद्दल सांगावं तसं सहज म्हणाल्या की पलंगामागच्या कोपऱ्यात एक पातेलं आहे, ते रोज सकाळी ओतायचं. बाकी काय दुरुस्त करायचं ते करा, तेवढी गळती राहू द्या. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, तिला तिथली सवय झाली आहे. मी मनात म्हटलं, आळसाला काय काय नावं असतात!

गुरुवार, ७ सप्टेंबर

ह्यांची छाती नाजूक आहे. दोन हिवाळे न्यूमोनियाने काढले. डॉक्टरांनी बजावलं आहे की तिसरा हिवाळा ओलीत काढला तर मी जबाबदार नाही. म्हणून थंडी पडायच्या आत ही गाडी आतून-बाहेरून कोरडी झालीच पाहिजे. दुसरं घर नाही आणि घेण्याची ऐपत नाही.

आज आतल्या भिंती तपासल्या. वेल्डरने पद्धत दाखवली: बोटाच्या पेराने वाजवत जायचं. कोरडं लाकूड टक्‌ बोलतं, भिजलेलं भद् करतं. जिथे भद् होईल तिथे आरी टोचून बघायची. कुजलं असेल तर लोण्यात जावी तशी जाते. खिडकीखालची पूर्ण पट्टी लोणी निघाली. प्लाय काढला तर आतल्या लाकडी फासळ्या काळ्या पडलेल्या, चुरगाळल्या तर हाताला चहाच्या चोथ्यासारख्या लागल्या. मी नाक मुरडलं. हे म्हणाले, अगं, आपणही साठीनंतर असेच निघू, नाक काय मुरडतेस.

मंगळवार, १२ सप्टेंबर

छताचे जुने सांधे खरवडून नवी पट्टी लावली. छताच्या खिडकीला नवं रबर बसवलं. दोन फासळ्या बदलल्या. मग पाण्याची परीक्षा. हे शिडीवर पाइप घेऊन, मी आत टॉर्च घेऊन. हे वरून ओरडायचे, आलं का? मी आतून, नाही! पुन्हा, आलं का? नाही! वेल्डरची माणसं काम टाकून ऐकत उभी. शेवटी वेल्डर म्हणाला, वहिनी, येणारं जे कोण आहे त्याला एकदा आत घ्या तरी, ड्रायव्हरसाहेबांचा घसा बसला.

एक थेंब आला नाही. हात जोडले.

मंगळवार, १९ सप्टेंबर

सगळी गाडी वाजवून झाली, टक्‌ टक्‌ टक्‌. राहिला फक्त पलंगामागचा कोपरा. आम्ही आल्यापासून पाऊस नाही. नळाची वाट त्या बाजूने जात नाही, हे दोनदा तपासलं. तरी पातेलं रोज सकाळी काठोकाठ भरलेलं असतं. पाणी तांबूस, जुन्या लाकडाच्या वासाचं. श्वास गारठून भिंतीला दव धरतं, त्याचंच असेल, असं हे म्हणतात.

ह्यांचं उसं त्याच कोपऱ्याला आहे. एवढं सगळं करून नेमकी ह्यांच्या डोक्यापाशी ओल ठेवायची, हे माझ्याच्याने होईना. नळीत अर्धं रबर उरलं होतं, टाकून द्यायचं का? कोपऱ्यात भिंतीच्या तळाशी मुंगीएवढी दोन छिद्रं होती, त्यांच्यासकट सगळा कोपरा भरून काढला. बोटाने गुळगुळीत केला. पातेलं घासून स्वयंपाकाला घेतलं.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

कोपरा खडखडीत. गाडीत कुठेही वास नाही. ह्यांना रात्रभर एकदाही खोकला आला नाही. देवापुढे बसून एक तास नाम घेतलं. वन्संना तसं कळवलं. जरा मिरवलंच, खोटं का बोला.

मंगळवार, २६ सप्टेंबर

ह्यांची उशी ओली होती. घाम असेल. खोळ उन्हात टाकली. आधी पिळली तेव्हा घामाच्या मानाने पाणी जास्त निघालं.

शनिवार, ३० सप्टेंबर

ह्यांचे पाय सुजले आहेत. बोट दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, वय झालं, हृदय दमलं, अंगात पाणी साचतंय. मीठ बंद करा. लघवी होण्याच्या गोळ्या दिल्या. छाती तपासताना त्यांनी ह्यांच्या पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने वाजवून पाहिलं. मी भिंती वाजवते तसंच. वरती टक्‌. कमरेपाशी भद्.

डॉक्टरांनी सांगायच्या आधी मला कळलं होतं.

बुधवार, ४ ऑक्टोबर

गोळ्यांचा उपयोग नाही. सूज चढते आहे. रोज सकाळी नाम घेऊन झालं की ह्यांची पाठ वाजवते. भद् कुठवर आलं तिथे बोट ठेवते. काल शेवटच्या बरगडीपाशी होतं. आज एक बरगडी वर.

हे तक्रार करत नाहीत. दुखत नाही म्हणतात, नुसतं गार वाटतं. तिकीट विचारायचं मात्र बंद झालं आहे.

शनिवार, ७ ऑक्टोबर

डॉक्टरांनी सुईने पाणी काढलं. बाटली भरली. तांबूस. त्यांनी बाटली उजेडात धरली, मग माझ्याकडे बघितलं, मग बॅग बंद केली. तळाशी केसाएवढी बारीक काडी होती. ते म्हणाले, बँडेजचा धागा असेल. मी हो म्हटलं. प्लायचा पापुद्रा मला ओळखू येतो.

वास तोच.

रविवार, ८ ऑक्टोबर

छाती पुन्हा भरली. काल रिकामी केली होती.

मी कोपरा उकरला. सगळं रबर काढलं, दोन्ही छिद्रं मोकळी केली, खाली पातेलं लावलं. काही आलं नाही. मग तिथला प्लायच कापून काढला. आतल्या फासळ्या उन्हात वाळवल्यासारख्या. हात फिरवला, धूळ निघाली. गाडीत कुठे ओलीचा डाग नाही. इतकं चांगलं काम आम्ही दोघांनी केलं आहे.

मला रडू आलं नाही. केर काढला.

मंगळवार, १० ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाले, मोठ्या रुग्णालयात हलवा. वेल्डर आणि त्याची माणसं उचलायला आली. दाराच्या पायरीवर ह्यांचा श्वास कोंडला, ओठ निळे. आत आणलं, सुटला. पुन्हा नेलं. पुन्हा तेच. वेल्डर हात पुसत म्हणाला, वहिनी, ट्रक बाहेरगावी आहे, परवा येतो. आल्या आल्या अख्खी गाडीच ओढून दवाखान्याच्या दारात उभी करतो. शेवटचं बोलला तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता.

आता आडवं निजता येत नाही. उशा लावून बसवलं आहे. कूस बदलली की आधी हे वळतात, मग थोड्या वेळाने आतलं पाणी वळतं. ऐकू येतं.

बुधवार, ११ ऑक्टोबर

खांद्यापर्यंत.

ह्यांच्या हाताला बोट लावलं. कातडी मऊ. फार मऊ. आरी आठवली, ती गुंडाळून बाकाखाली ठेवून दिली.

नाम घेता घेता मध्येच विसरते.

दुपारी

ह्यांनी वही मागितली. लिहिलं, तू चांगलं केलंस, एक थेंब येत नाही. आणखी काही लिहिणार होते, पान भिजलं.

मला आधीपासून समजत होतं, ते आता समजलं असं लिहिते. ते पाणी कुठून येतं ते कधीच कळणार नाही. पण त्याला जायला एक वाट होती. ती ह्यांच्या उशाशी होती म्हणून मी बुजवली. आता उशाशी जे आहे त्यात ते—

गुरुवार, १२ ऑक्टोबर

ट्रक आला नाही. रस्त्यात पंक्चर.

बोलता येत नाही. गळ्यापाशी बोटाने वाजवलं. भद्.

हे बोटाने भिंत वाजवतात. टक्‌. मग स्वतःची छाती. मग माझ्याकडे बघतात. मग पुन्हा भिंत. मला काय करायला सांगताहेत ते मला कळतं. कळत नाही असं दाखवते.

पत्राचा मजकूर इथेच लिहिते, वेगळा कागद कोरडा नाही—

नर्सबाईंना सादर नमस्कार. तुमची गाडी सुखरूप आहे. तुम्ही बुजवू नका म्हणाला होतात ते मी बुजवलं. माझी चूक. पाणी आता भिंतीत नाही. तुमच्या घरी कोण होतं, मी विचारत नाही. एवढंच सांगा, ती वाट पहिल्यांदा तुम्ही कुठे पाडलीत. भिंतीलाच, की आधी— कोणत्या बाजूला, किती खोल, आणि पाडल्यावर माणूस—

ह्यांनी आरी काढून माझ्या हातात दिली आहे. टोक धरून स्वतःच जागा दाखवताहेत. मी म्हटलं, पत्राचं उत्तर येऊ द्या. मान हलवताहेत, हो की नाही ते कळत नाही, पाणीच हलतं आहे. नाकातून यायला लाग—

बाई, हात जोडते, उलट टपाली कळ