पाइपाच्या आतला अंगठा

मुरबाड, मशीनची इमारत
सोमवार, जेवणाची सुट्टी

तीर्थस्वरूप भगीरथमामा यांस,

हातमोजे घालून जसा जमेल तसा जगदीशचा साष्टांग नमस्कार. (अक्षरही मोज्यांमुळेच असं आलंय, गोड मानून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला थांबला का? तांबडी शेळी व्याली का? सगळं ठीक असेल असं धरून पुढे जातो, कारण मला आता दम निघत नाही. मामा, बीम आला! सकाळी नऊ चाळीसला आला आणि अजून आहे!

बीम म्हणजे काय ते मी तुम्हाला त्या रविवारी, घरच्यांना मशीन दाखवायच्या दिवशी, सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावलीत, पण लक्ष जेवणाच्या पंगतीकडे होतं. म्हणून पुन्हा सांगतो. लांबलचक स्टीलचा पाइप आहे, त्यातून डोळ्यांना न दिसणारे कण सुसाट पळवायचे. त्यांच्या वाटेत काहीही नको, हवासुद्धा नको. ती हवा काढायचे पंप माझ्याकडे. रोज सकाळी फेरी मारायची, गार पाण्याचा दाब बघायचा, पंपांचा आवाज ऐकायचा, मीटरचे आकडे वहीत उतरवायचे. (मामी विचारते, शास्त्रज्ञ झालास का? नाही झालो. पण माझ्यावाचून शास्त्रज्ञांचं पान हलत नाही, असं आमचे फोरमन नवशाकाका म्हणतात.)

तर त्या रविवारी पाइप साफसफाईसाठी उघडा होता. तुम्ही पिशवीतून शेंदराची डबी काढून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, ‘‘वाघोबाला लावतो तसा यालाबी लाव रे, नायतर चालायचा नाय.’’ आता आमच्या राही मॅडम, म्हणजे इथल्या मुख्य शास्त्रज्ञ, मशीनवर धुळीचा कण ठेवत नाहीत. गेल्या दसऱ्याचं हळदकुंकू त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलं होतं. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

दुसऱ्याच दिवशी, गेल्या सोमवारी, पाइप बंद केला, पंप चालू केले. आत उरलेल्या हवेचा आकडा भराभर उतरला आणि मग जो बसला तो रेड्यासारखा बसला, हलेचना. इकडे पुण्याची सहा माणसं प्रयोगाचं सामान घेऊन आजच्या सोमवारी यायची होती. आज बीम नसता तर त्यांची पाळी गेली असती थेट पुढच्या वर्षावर. शिवाय माझा नोकरीत कायम होण्याचा कागद मॅडमच्या टेबलावर, सहीची वाट बघत! आम्ही बोल्ट आवळले. कुठे हवा शिरते ते शोधायला जोडाजोडावर उडत्या फुग्यातला गॅस फवारला. पाइपाला तापवायचे पट्टे गुंडाळून वर चंदेरी कागद लपेटला, पार नवरदेव करून टाकला. आकडा ढिम्म. शेवटी मॅडमनी आत कसला वास आहे ते ओळखणारं यंत्र लावलं, त्यावरची रेघ बघितली आणि म्हणाल्या, ‘‘आत तेल आहे, त्याचीच वाफ सुटतेय.’’

नवशाकाका भडकले. ‘‘तेल? आमी काय भजी तळतो का इथं?’’

शुक्रवारी पाइप उघडला. झाकणाच्या आतल्या अंगाला, बरोबर मध्यभागी, शेंदराचा लालभडक अंगठा! मोहाच्या तेलात कालवलेला, रेघन् रेघ उमटलेली. मॅडम भिंग घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. कुणी लावला, ते कुणी बोललं नाही. मी तर नाहीच नाही.

मग घासून पुसून झाकण लावलं, दोन दिवस पुन्हा तापवलं, आणि आज सकाळी आकडा असा सरसर खाली गेला की बघत राहावं. पडद्यावर हिरवा ठिपका उमटला. पुण्याच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, नवशाकाकांनी मला उचललं, मॅडम चक्क हसल्या! मी रडलो मामा, खोटं कशाला सांगू. तुम्ही इथे हवे होतात.

आणि तुम्ही येणारच आहात. बाहेरच्या सिमेंटच्या भिंतीवर मॅडमनी हातभर जागा आखून दिली आहे, शेंदूर तिथेच लावायचा. पहिला मान तुमचा. त्यांना तुम्हाला भेटायचंच आहे. रविवारी या. मामीला नमस्कार, शेळीला पाला.

तुमचा लाडका भाचा,
जगदीश

ता. क. : मॅडमना तुम्हाला का भेटायचंय ते लिहायचं राहिलं. तो अंगठा मामांचा, असं मी त्यांना सांगून टाकलंय. रागावू नका. बाहेर लावला तर पुसतील, म्हणून तुमचा शब्द राखायला झाकण लावण्याआधी मीच मोजा काढून आत लावला होता. तुमचं नाव ऐकून त्या हसल्या, माझं ऐकून हसल्या नसत्या. सही अजून व्हायची आहे.

आणखी ता. क. : मॅडमनी त्या अंगठ्याचा मोठा फोटो काढून भिंतीवर लावलाय. त्यात आडवा वण स्पष्ट दिसतो. लहानपणी तुमच्या शेतात भात कापताना मला विळा लागला होता, तोच. तेव्हा तुम्ही दगडीपाला चुरून तुमच्या धोतराची चिंधी बांधली होती. रविवारी तशीच चिंधी स्वतःच्या उजव्या अंगठ्याला बांधून या. आणि येणं चुकवू नका, शुक्रवारपासून मी हातमोजे काढलेले नाहीत, आजची भाकरीसुद्धा तशीच खाल्ली आहे.