बंद इंजिनाच्या गुन्ह्याबाबत

प्रति,
मा. सागरी पर्यटन परवाना अधिकारी,
बंदर कार्यालय, पहिला मजला
(जिन्यालगतची खोली, जिला बहुतेक वेळा आतून कडी असते)

विषय : बाबांच्या बोटीचा रद्द केलेला परवाना परत मिळण्याबाबत, आणि ते जमत नसेल तर निदान एक ओळ खोडण्याबाबत.

संदर्भ : आपलं पत्र, ज्यात बाबांना 'पिल्लास इजा करणारा बोटचालक' म्हटलं आहे.

महोदय,

हा चौथा अर्ज. आधीचे तीन ऑफिसच्या भाषेत लिहिले, ते कुणी वाचले नाहीत, म्हणून हा बोलते तसाच लिहितेय. अर्जदार माझे बाबा. लिहिणारी त्यांची धाकटी मुलगी. बोटीवर लाइफ जॅकेट वाटणं आणि लोकांच्या उडणाऱ्या टोप्या पकडणं हे माझं काम.

१. बाबा सव्वीस वर्षं बेटांच्या पट्ट्यात लोकांना देवमासे दाखवायला नेतात. बाकीच्या बोटी लांबवर फवारा दिसला की सुसाट सुटतात. बाबांचं उलटं. दोन बेटांच्या मधल्या खोल पाण्यात जायचं, इंजिन बंद करायचं, वल्हं पाण्यात उभं सोडायचं आणि त्याच्या वरच्या मुठीला कान लावायचा. खालून देवमाशाचा आवाज लाकडातून वर येतो. लोक आधी हसतात. मग बाबा एकेकाला ऐकायला देतात, आणि हसणं आपोआप थांबतं. अशा गप्प उभ्या बोटीपाशी देवमासे स्वतः येतात.

२. गेल्या हंगामात ऑफिसने प्रत्येक बोटीवर एक यंत्र बसवलं, बोट कुठे आहे याची नोंद करणारं. आपल्याच मेकॅनिकने ते इंजिनाच्या किल्लीच्या वायरला जोडलं. बाबा म्हणाले, "अहो, इंजिन बंद केलं की हेही झोपेल ना!" तो म्हणाला, "काका, भर समुद्रात इंजिन बंद करतंय कोण?" आणि चहा पिऊन निघून गेला.

३. त्याच हंगामातल्या त्या सकाळी कातरी आली होती. कातरी म्हणजे शेपटीला खाच असलेली मादी, नाव बाबांनीच ठेवलेलं. पहिल्यांदाच पिल्लू घेऊन आली होती. बोट बंद, सगळे श्वास रोखून, आणि ते पिल्लू आमच्या बोटीला नाक लावून बघत होतं साहेब, खरंच! तेवढ्यात बाकीच्या तीन बोटींनी पाहिलं आणि त्या धावत सुटल्या. बाबा उभे राहून दोन्ही हात हलवत ओरडले, "अरे थांबा, पिल्लू आहे!" त्या आवाजात ऐकू काय जाणार? त्यांना वाटलं, बोलावतोय. पांढरी दुमजली बोट आमच्या पुढ्यातून गेली आणि मागचं पाणी लाल झालं. बाबांनी वल्ह्याला कान लावला. काय ऐकू आलं ते त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

४. मग चौकशी. यंत्र दर दहा मिनिटांनी नकाशावर एक ठिपका टाकतं. दोन ठिपक्यांच्या मधे पिल्लू कापलं गेलं, म्हणून तिन्ही बोटी 'नियमित'. ठिपका नव्हता तो फक्त आमचा. कारकून म्हणाले, "यंत्र बंद म्हणजे काहीतरी लपवायचं होतं." आमच्या बोटीतल्या एका मावशींनी व्हिडिओ दिला, त्यात देवमाशाचा श्वास ऐकू येतो, आमचं इंजिन नाही. तर म्हणे, "इंजिनाचा आवाज नंतर पुसून टाकला असेल." मरून किनाऱ्याला लागलेल्या पिल्लाच्या पाठीवरची एकेक जखम हाताएवढी लांब होती आणि आमच्या बोटीचा पाण्याखाली फिरणारा पंखा जेवायच्या ताटाहून लहान आहे, मोजून बघा म्हटलं. तर मोजमापासाठी वेगळा अर्ज करायचा. केला. तो तिसरा.

५. नवा हंगाम सुरू व्हायला नऊ दिवस उरलेत. पांढऱ्या बोटीवर नवा फलक लागलाय, 'देवमासा हमखास'. धक्क्यावर बाबा दिसले की कुणीतरी म्हणतंच, "आला बघा पिल्लूमारा." बाबा तसेच पुढे चालत जातात. आई म्हणते, निदान भांडा तरी. तेही करत नाहीत. परवा कातरी परत आल्याचं कळलं. एकटीच आहे. बाबा उठून घरात गेले.

तरी परवाना द्या. नाहीच दिलात तर बाबा जाळी विणतील, मी दुकानात लागेन, आमचं भागेल. पण ती ओळ खोडा. इंजिन बंद ठेवणारा तो एकटाच माणूस होता, आणि पिल्लू मारल्याचा कागद त्याच्याच नावावर आहे. इतकंच मागायला मी चार वेळा जिना चढलेय.

दाराबाहेरच्या बाकावर बसलेली,
अर्जदाराची मुलगी
(अर्जदाराची सही खाली आहे. मजकूर वाचून दाखवायला लागले, तर तिसऱ्या मुद्द्याला त्यांनी थांबवलं.)

दिनांक : सोळा

सोबत :
१. आधीच्या तीन अर्जांच्या पोचपावत्या.
२. आमच्या पंख्याचा कागदावर पेन्सिलने काढलेला आकार, खऱ्या मापाचा.
३. वल्हं, एक. शिपाईकाका म्हणाले फायलीत बसत नाही, म्हणून दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवलंय. ऑफिसमागच्या धक्क्याला पाणी खोल आहे. कधी वाटलं तर मुठीला कान लावून बघा. परत करायची घाई नाही. त्या दिवसानंतर बाबांनी त्याला हात लावलेला नाही.