एका श्वासातले आकडे

अण्णा,

दवाखान्यातून आले ती पायातली चप्पलही न काढता लिहायला बसले आहे. घरात माणसं आहेत, त्यांना सांगितलं तर "बरं झालं" म्हणतील आणि पुन्हा टीव्हीकडे वळतील. तुम्ही असतात तर खुर्ची ओढून समोर बसला असतात आणि "थांब, पहिल्यापासनं सांग" म्हणाला असतात. तर पहिल्यापासून सांगते. माझा थायरॉइड वर्षभर ताळ्यावर येत नव्हता. डॉक्टर गोळी वाढवत होते आणि माझा शीण काही जात नव्हता. रक्त कमी म्हणून लोहाची गोळी वेगळी, हाडं ठिसूळ म्हणून कॅल्शियमची वेगळी, आणि मी शहाणी सगळ्या एकदमच सकाळच्या चहाबरोबर गिळत होते. मग एक दिवस कागद घेतला, रेघा मारल्या, कोणती गोळी कधी सुरू झाली आणि अंगात काय बदललं ते मांडलं, आणि मला दिसलं! कॅल्शियम सुरू झालं त्याच महिन्यापासून थायरॉइडची गोळी लागू पडेनाशी झाली होती. कागद डॉक्टरांपुढे ठेवला. ते म्हणाले, "दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. हे मीच विचारायला हवं होतं." दोन महिने तसं केलं आणि आज रिपोर्ट आला. एकदम जागेवर! डॉक्टरांनी विचारलं, "हे तुम्हाला शिकवलं कोणी?" मी म्हटलं, "वडिलांनी. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होते."

तेव्हापासून तुम्हीच डोळ्यांसमोर आहात. दोन हजार साल उलटून गेलं होतं, आपण पारगावला राहत होतो, मी नववीत. तुम्हाला तीन आजार आणि तीन डॉक्टर. दमा लहानपणापासूनचा, त्याचे डॉक्टर नारायणगावला. साखर चाळिशीत लागली, तिचे मंचरला. रक्तदाब सगळ्यात नवा, तो गावातल्या डॉक्टरांकडे. तिघेही चांगले होते, आपापल्या जागी बरोबरही होते, पण त्यांची एकमेकांशी गाठ पडायची ती फक्त तुमच्या पोटात. दिवसभर तुम्ही उसाच्या रसातली साखर मोजायचात, तासातासाला वहीत लिहायचात, आणि स्वतःच्या साखरेबद्दल कुणी विचारलं की "हाय की, जागेवर हाय" म्हणून विषय संपवायचात.

मग ऊस गाळपाच्या हंगामातला तो दिवस. तुम्ही लॅबमध्ये टेबलाला धरून उभे, अंग घामानं भिजलेलं, बोलणं अडखळतंय, जवळच्या माणसाची ओळख पटेना. दारातला कुणीतरी म्हणाला, "सकाळीच घेऊन आलंय वाटतं." आयुष्यात थेंब न घेतलेल्या माणसाला! शेवटी लॅबमधल्या तुमच्या जोडीदारानं ओळखलं. नमुन्याच्या बशीतली साखर मुठीत घेतली आणि "भाऊ, तोंड उघडा. उघडा की राव!" म्हणत तुमच्या तोंडात कोंबली. दहा मिनिटांत तुम्ही माणसात आलात. पण साहेबांनी सांगितलं, तब्येत ठीक असल्याचा डॉक्टरांचा कागद आणा, मगच कामावर या. उकळत्या रसाजवळ तुम्हाला असं उभं करता येणार नाही. तुम्ही घरी आलात आणि तीन दिवस ओट्यावर बसून राहिलात. साखर कमी झाली याचं नव्हे, त्या दारातल्या वाक्याचं तुम्हाला लागलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

चौथ्या दिवशी तुम्ही मला हाक मारलीत. "पोरी, आलेखाचा कागद हाय का गं तुझ्याकडं?" मी वहीतले पाच कागद फाडून दिले. तुम्ही मेडिकलमधून निळ्या द्रावणाची बाटली आणली होती, त्या काळी लघवीतली साखर घरी तशीच बघत. परीक्षानळीत द्रावण, त्यात आठ थेंब, आणि नळी आईच्या गॅसवर. आई मळलेलं पीठ तसंच टाकून उठली. "माझ्या शेगडीवर? हितं भाकरी व्हत्यात, काय लाजबीज हाय का न्हाई?" मग मोरीच्या पायरीवर स्पिरिटचा दिवा आला आणि आपली प्रयोगशाळा तिथं सुरू झाली. नळी निळीच राहिली तर साखर नाही, हिरवी झाली तर थोडी, पिवळी जास्त, आणि विटकरी झाली की गडबड. मी स्केचपेननं तोच रंग कागदावरच्या चौकटीत भरायचे. श्वास मोजायची युक्तीही तुमचीच. पोटभर हवा घ्यायची आणि एका श्वासात आकडे मोजायचे. बऱ्या दिवशी तुम्ही अठरापर्यंत जायचात, वाईट दिवशी अकरालाच "अ… अक…" करून हात हलवायचात. रक्तदाब आठवड्यातून दोनदा मोजून आणायचात. आणि सगळ्यात वरच्या ओळीत गोळ्या. तिघा डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या काढून मागच्या महिन्यांचंही आपण मांडलं, कोणती गोळी कधी आली, तेव्हा दमा, साखर आणि रक्तदाब कसे होते ते. सकाळी वाटीत त्या काढून ठेवायचं काम माझं होतं.

अण्णा, मला शाळेत कधी इतकी मजा आली नाही. एका आठवड्यात नळी सारखी पिवळी येऊ लागली. खाणं तेच, गोळ्या त्याच, काही मेळ लागेना. तुम्ही आईला सहज विचारलंत, "नवीन काय देतीस का मला?" आई म्हणाली, "न्हाई बाई. आणे गावच्या वन्संनी सांगितलेला अडुळशाचा काढा तेवढा देते, खोकल्याला." "त्यात काय असतं?" "अडुळसा, आलं, मिरं…" आणि मग अगदी हळू, "आन् जरासा गूळ. नुसतं कडू कसं पियाचं मानसानं?" तुम्ही इतके हसलात की दमा उठला. आईला आधी राग आला, मग तीही पदर तोंडाला लावून हसत सुटली. तक्त्यावर मी तुमच्या सांगण्यावरून लिहिलं : 'गूळ, आत्याकडून'.

पण खरी गोष्ट पुढंच होती. मला एक संशय आला होता, रक्तदाबाच्या छोट्या पांढऱ्या गोळीबद्दल. ती सुरू झाल्यापासून तुमचा श्वास उतरत गेला होता. तुम्हाला न सांगता मी तीन दिवस ती वाटीत ठेवलीच नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही चोविसापर्यंत मोजलंत आणि मी उड्या मारत ओरडले, "सापडलं! मी ती गोळी बंद केलीय!" तुमचा चेहरा मी विसरणार नाही. तुम्ही हात उगारला नाहीत, आवाजही चढवला नाहीत. "मला न इचारता? मी काय परीक्षानळी हाय का तुझी? गोळी अशी एकदम तोडल्यावर आत काय व्हतं, ठावं हाय तुला?" मला ठाऊक नव्हतं. "आपुन बघायचं, लिव्हायचं, आन् ज्याला कळतं त्याच्याफुडं ठिवायचं. बंद करायचं काम आपलं न्हाई." माझ्यासमोर तुम्ही ती गोळी घेतलीत. मी रडत होते. मग कागद पुढं ओढून, एकदम वेगळ्या आवाजात तुम्ही म्हणालात, "आता दाव. काय दिसलं तुला?"

मी डोळे पुसत बोट ठेवलं. इथं पांढरी गोळी आली, इथं श्वास उतरला. श्वास उतरला म्हणून नारायणगावच्या डॉक्टरांनी दम्याच्या जोरदार गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी साखर वाढली आणि रक्तदाबही चढला. साखर वाढली म्हणून मंचरच्या डॉक्टरांनी साखरेची गोळी दुप्पट केली. रक्तदाब चढला म्हणून पांढरी गोळी वाढली. आणि दम्याच्या गोळ्या संपल्या त्याच आठवड्यात साखर धाडकन खाली आली, लॅबमध्ये. बोलता बोलता माझं बोट पुन्हा पहिल्या चौकटीवर आलं. "अण्णा, हे गोल फिरतंय!" तुम्ही कागदावर वाकलात, स्वतःचं बोट तसंच फिरवलंत, एकदा, दोनदा. "अगं, आपल्याला नवा रोग न्हाईच. औषधंच एकमेकांच्या मागं पळायल्यात!" आईला हाक मारून तुम्ही तिसऱ्यांदा सगळं समजावलंत, आणि आई भाकरीचं पीठ लागलेलं बोट त्याच वाटेनं फिरवत बसली.

मंचरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी तक्त्याकडे बघितलंच नाही. "गोळ्या चुकवता का?" एवढंच विचारलं. तुम्ही कागदाची गुंडाळी त्यांच्या टेबलावर उलगडलीत आणि म्हणालात, "साहेब, पाच मिनिटं द्या. लॅबचा मानूस हाय, खोटं लिव्हत न्हाई." मग ते बघू लागले. खुर्चीतून उठले. 'गूळ, आत्याकडून' वाचून हसले, आणि पांढऱ्या गोळीच्या चौकटीवर येऊन थांबले. "दम्याच्या माणसाला ही गोळी?" म्हणत त्यांनी तिथूनच नारायणगावला फोन लावला, मग आपल्या गावातल्या डॉक्टरांना. तीन डॉक्टर पहिल्यांदा एकमेकांशी बोलत होते आणि आपण दोघं बाकावर बसून ऐकत होतो. तुम्ही माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली. पांढरी गोळी हळूहळू उतरवून दुसरी दिली. दम्याला तोंडानं ओढायचा पंप आला. साखरेची गोळी निम्मी झाली. आणि निघताना डॉक्टर मला म्हणाले, "हा तक्ता माझ्याकडे राहू देशील?" तुम्ही म्हणालात, "न्हाई. तिचा हाय. पायजे तर ती दुसरा काढून दील."

पाच आठवड्यांनी आपण लेण्याद्रीला गेलो. मागच्या खेपेला तुम्ही चाळीस पायऱ्यांवर बसला होतात आणि आईनं एकटीनं दर्शन घेतलं होतं. या वेळी मी मागं राहिले आणि वरून तुमचा आवाज आला, "एक, दोन, तीन, चार…" भर गर्दीत, एका श्वासात, लोक वळून बघताहेत आणि तुम्ही थांबायचं नाव घेत नाही. एकतीस! त्यानंतर तुम्हाला आठ वर्षं मिळाली. आजार तिन्ही राहिलेच. गेलात ते हृदयानं, आणि तोवर तुमची वही रोजची चालू होती.

आता हे लिहून ठेवणार कुठं, तर माझ्या रिपोर्टांच्या फाइलमध्ये. तुमच्यापर्यंत ते पोचणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. डॉक्टरांचा कागद खिशात घालून तुम्ही कामावर परत गेलात त्या सकाळी मी मोरीच्या पायरीवर बसून खूप रडले. आईला वाटलं, आनंदानं. तसं नव्हतं अण्णा. त्या दोन महिन्यांत तुम्ही दिवसभर माझ्याजवळ होतात, आणि तुम्ही बरे झालात म्हणून त्या दिवशी मला तुमचा राग आला होता.