नदीचं तोंड

३ डिसेंबर
इंद्रलोकमधलं तळमजल्याचं घर लागलं एकदाचं! देव मांडले, पहिला चहाही झाला. गॅस शोधणाऱ्या कंपनीच्या सुचेताबाईंनी आग्रहाने बोलावलं, म्हणून या वयात नवी नोकरी. जन्मभर सर्वेक्षणाच्या तुकडीत वायरी ओढल्या, साहेबांच्या खांद्यावरून बघत बघत चित्रं वाचायला शिकलो. उत्तनपलीकडे बोट समुद्रात हवेचे दणके देते, जमिनीच्या पोटातून त्यांचे प्रतिध्वनी येतात आणि पडद्यावर चित्र उमटतं. त्यात युगांपूर्वी गाडली गेलेली नदी शोधायची. तिच्या वाळूचा दगड झालाय, त्याच्या भोकाभोकांत गॅस. गिरिजा म्हणाली, "अहो, म्हातारपणी कोरड्या नदीत पोहणार होय!" लग्नापासून मी 'अहो'च. कुरिअरवाल्यालासुद्धा ती 'उत्तम' हे माझं नाव सांगत नाही.

६ डिसेंबर
नदी सापडली. नागमोडी, देखणी. पण तिचं तोंड समुद्राकडे हवं, ते जमिनीकडे आहे! मीच चित्र उलटं लावलं असणार, म्हणून पुन्हा तपासलं. नाही, बरोबर आहे. सुचेताबाई म्हणाल्या, "काका, सगळ्या नद्या तोंडातून ओततात. तुमची गिळते की काय?" पोट धरून हसलो. उद्या किनाऱ्यालगत पुन्हा दणके देणार.

९ डिसेंबर
दणके झाल्यापासून बाथरूमच्या जाळीतून वास येतोय. कुजलेल्या बोंबलाचा, त्यात पारोशा तोंडाचा. शेजारचे यतीनभाई म्हणाले, "अंकल, गटर जाम है, और क्या!" पण गटाराचा वास असा थांबून थांबून येतो? आणि कोमट? सुचेताबाईंना विचारलं, गॅस तर नाही ना. त्या म्हणाल्या, जमिनीतल्या नुसत्या गॅसला वास नसतो, सिलिंडरमधला वास माणसं मिसळतात.
मग हा कुणाचा?

११ डिसेंबर
गिरिजाने जाळी उचलून आत हात घातला. बाहेर आला तो कोपरापर्यंत बुळबुळीत. तारा सुटत होत्या. लाळ. मला भडभडून उलटी झाली. तिच्या पाटलीवरची नक्षी पार गेलीय, चोखलेल्या गोळीसारखी गुळगुळीत. म्हटलं, हे घर सोडू. तर म्हणते, आत्ताच तर डबे लावलेत.

१२ डिसेंबर
नवं चित्र आलं. नदी वळलीय. दगडातली नदी वळत नसते — हिचं तोंड आता इंद्रलोकखाली. ऐन आमच्या — सामान बांधतोय. गिरिजाला बजावलंय, बाथरूममध्ये पाऊल टाकायचं नाही.

१३ डिसेंबर
रिक्षा दारात उभी. गिरिजा म्हणाली, नुसते हात धुऊन येते — मी नको म्हणेपर्यंत गेली.

दार उघडत नाही. मी ठोकतोय. प्रत्येक ठोक्याला खालून ठोका. तसाच. जरा उशिरानं.

फटीतून लाळ येतेय. पाय भिजले. शी —

हाक मारली. ओ आली. तिचाच आवाज, अगदी तिचाच. "उत्तम, आत ये."

गिरिजा मला कधी नावानं —