पाठ सातवा : मुलाखत

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
इंग्रजी संभाषणाची नवी बॅच सुरू. संकल्प : या वेळी व्याकरण नाही, फक्त संवाद. माणसं बोलती करायची.
नावं पाच जणांनी नोंदवली होती. तिघं मधल्या सुट्टीत चहाला गेले, ते बहुधा अजून पीत आहेत. उरले दोघं : शिवणकाम करणाऱ्या मावशी आणि लिफ्ट दुरुस्त करणारे काका. संवादाला दोनच माणसं लागतात. म्हणजे संख्या आदर्श आहे.
पद्धत बाबांचीच. मी आठवीपर्यंत शाळेत गेलेच नाही. घरी जेवणाच्या टेबलाशी बाबा प्रश्न वाचायचे, मी उत्तर द्यायची. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून माझं इंग्रजी निर्दोष आहे. ते कुणाशी बोलायची फारशी वेळ आली नाही, हा भाग वेगळा.

५ फेब्रुवारी
मावशींच्या दुकानाचा गाळा मालकाने परत मागितलाय. महिनाअखेर मशीन हलवायचं, आणि घरात ते ठेवायला जागा नाही. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी-गाऊन शिवायला बाई हवी आहे. तिथले साहेब इंग्रजीतच बोलतात. मुलाखत वीस तारखेला.
मावशी म्हणाल्या, मॅडम, हाताचं मी बघते, तोंडाचं तेवढं तुमच्याकडे. मी म्हटलं, निर्धास्त राहा.
शब्द दिला आणि घरी येताना बसने दोन स्टॉप पुढे गेले. हे उत्साहाचंच लक्षण असावं.

९ फेब्रुवारी
पाठ सातवा मी स्वतः लिहिला. पाच वेळा तपासला. काका साहेब होणार, मावशी मावशीच.
काका ‘हाउ आर यू’ असं म्हणतात, जणू लिफ्टमध्ये कुणी अडकलंय. शिवाय मनाचं घालतात. आज मध्येच विचारलं, गोइंग डाउन? मावशी इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावला. मी समज दिली : लिहिलेल्या वाक्याबाहेर जायचं नाही.
काका म्हणाले, अहो मॅडम, पण खरा साहेबच बाहेर गेला तर?
मी म्हटलं, शिकलेली माणसं जात नाहीत.

१२ फेब्रुवारी
बाबांचे दोन नियम फळ्यावर लिहिले. एक : समोरच्याचं वाक्य आल्याशिवाय आपलं बोलायचं नाही. दोन : संवाद संपला की उठायचं, मागे वळून बघायचं नाही. घुटमळलं की पडलेली छाप पुसली जाते.
मावशींनी दोन्ही उतरवून घेतले. अशी विद्यार्थिनी भाग्याने मिळते.

१४ फेब्रुवारी
शेवटावरून वाद. मी लिहिलंय, साहेब : वुई शॅल लेट यू नो. मावशी : थँक यू, सर. गुड डे. काका म्हणतात, कळवू कशाला? पेनाला काही भाडं पडतंय का? नोकरी दिली असंच लिहा की!
मी ठाम राहिले. खोटी आशा दाखवणं माझ्या तत्त्वात बसत नाही.
काका म्हणाले, तत्त्वात मावशी तरी बसतात का बघा. विनोद असावा.

१७ फेब्रुवारी
काका कामावर अडकले, म्हणून साहेब मी झाले. दुपार होती, म्हणून प्रामाणिकपणे ‘गुड आफ्टरनून’ म्हटलं. पाठात ‘गुड मॉर्निंग’ आहे. मावशी गप्प. मी गप्प. पंखा फिरत राहिला. शेवटी मीच ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं, तेव्हा गाडी सुरू झाली.
शिस्त पाहून ऊर भरून आला. मग विचार आला. साहेबांकडून अशी चूक झाली तर?
उपाय सापडला! साहेबांच्या वाक्यांची वेगळी प्रत, ठळक अक्षरात. मावशींनी आत जाताच ती त्यांच्या हातात द्यायची. आता चुकायला जागाच नाही.

२० फेब्रुवारी
विजय.
मावशी थेट हॉस्पिटलमधून आल्या, चेहरा उजळलेला. साहेबांनी प्रत पाहिली, हसले, चष्मा लावला आणि वाचली. मावशींची सगळी उत्तरं बिनचूक. म्हणाल्या, मॅडम, साहेब आपल्या काकांपेक्षा बरं वाचतात हो! त्यांनी मावशींनी नेलेल्या नमुन्याची शिवण उलटून पाहिली, बोट फिरवलं, पुन्हा वाचू लागले. लेट यू नो झालं, यांनी गुड डे म्हटलं आणि उठल्या. मागे साहेब काहीतरी बोलत होते, पण मावशी वळल्या नाहीत.
मी म्हटलं, शाब्बास.

२२ फेब्रुवारी
अजून कळवलेलं नाही. मोठ्या संस्थांना वेळ लागतो. संकल्प : पाठ आठवा, ‘नोकरीचा पहिला दिवस’.

२३ फेब्रुवारी
काका हॉस्पिटलच्या लिफ्टच्या कामाला गेले होते. आज वर्गात आले ते बसलेच नाहीत. साहेबांना शिवण फार आवडली होती म्हणे. मावशींना ते लगेच लाँड्रीतलं मशीन दाखवणार होते. दारापर्यंत मागे आले, दोनदा ‘वेट, वेट’ म्हणाले. बाई थांबेनात, तेव्हा त्यांना वाटलं हिला दुसरीकडे काम मिळालंय. पुढची बाई आत आली. तिला इंग्रजीचा गंध नव्हता. ती थांबली. तिला घेतलं.
‘वेट’ आपल्याकडे बाराव्या पाठात आहे. अभ्यासक्रमाच्या क्रमाला मी काय करणार?
काका हत्यारांची पिशवी उचलून निघाले. गोइंग डाउनसुद्धा म्हणाले नाहीत.

२५ फेब्रुवारी
मावशी आल्या. रागावतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, मॅडम, वेट म्हणजे थांब, होय ना?
मी हो म्हटलं.
म्हणाल्या, आवाजावरून वाटलंच होतं मला. पाय थांबलेसुद्धा जरा. पण तुम्ही सांगितलं होतं ना.
वही पिशवीत घातली. मशीन विकायला काढलंय. गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून लवकर गेल्या.

२६ फेब्रुवारी
वर्गात कुणी नाही. फळ्यावरचे नियम पुसायला घेतले, तर खडू नीट निघेना. बाबांना फोन केला. सगळं सांगायचं, असं ठरवलं होतं.
बाबांनी विचारलं, कशी आहेस? म्हटलं, बरी आहे, तुम्ही कसे आहात? म्हणाले, मीही बरा आहे. बॅच कशी चाललीय? म्हटलं, छान.
आता त्यांनी आणखी काही विचारायला हवं होतं. त्यांनी विचारलं नाही. फोन मात्र ठेवला नाही.
मी थांबले.