माईंच्या चार कुंड्या

कर्जत, ता. ११ जानेवारी १९४५
शेजारच्या माई आज यजमानांबरोबर, नानांबरोबर, मुंबईला गेल्या, पोटाच्या ऑपरेशनसाठी. जिरेनियमच्या चारही कुंड्या आमच्या ओटीवर. "मी येईन तोवर सांभाळ गं." लग्न होऊन आले तेव्हा इथे पहिली हाक मारली ती त्यांनी. माहेरी वडिलांनी, अण्णांनी, घरी शिकवले तेवढेच माझे शिक्षण. त्याला हसल्या नाहीत, आपली पुस्तके वाचायला दिली. त्यांचे एवढे काम तरी हातून नीट व्हावे.

ता. १५
घाटाकडून वारा सुटला आहे. ओठ फुटले. सकाळी भिजवलेली माती दुपारी वरून पांढरी. कडावची दूधवाली म्हणाली, "वाऱ्यानं मानूस सुकतो, झाडाचं काय? पानी घाला गं." तुळशीला घालते तसा रोज स्नान झाल्यावर एकेक तांब्या, संध्याकाळी पुन्हा. झाडे तहानलेली असता चहा घशाखाली उतरत नाही.

ता. २२
खालची पाने पिवळी. एकाचा बुंधा काळा, मऊ. पाणी कमी पडते की काय? वाढवले.
नाना येऊन गेले. ऑपरेशन झाले, ताप उतरत नाही. मनात नको ते आले. लिहीत नाही.
सासूबाई : "अगं, झाडं आहेत ती, नवस नव्हे."

ता. २५
बाजूला बसले आहे. झाडांना शिवायचे नाही. पाणी घालाल का विचारले, तर सासूबाई : "मला माझी तुळस पुरे. त्या विलायती मंडळींचं मला कळत नाही." मागच्या खोलीतून ओटी दिसत नाही. वारा ऐकू येतो, कौले वाजतात.

ता. २९
न्हाऊन आधी ओटीवर. कुंड्या नाहीत! तशीच आत धावले. सासूबाई विळीवरून न उठता, "लाकडांच्या राशीआड बघ. वाऱ्यानं एक आडवी केली, म्हणून नेल्या. पाणी नाही हो घातलं, आधीच सांगते."
माती कोरडी. तीन झाडे ताठ, नवे पिवळे पान एकही नाही. म्हणजे मीच पाजून पाजून...
चौथे गेले. त्याचा बोटभर शेंडा हिरवा होता, तो रोवला. गळलेली पानेही कोणी वेचली होती. सासूबाईंना तर वाकवत नाही. नमस्कार केला. "आज कोणता सण गं?"

ता. ८ फेब्रुवारी
बोट खुपसून बघते, आतपर्यंत कोरडे लागले तरच पाणी. न घालता राहणे फार अवघड. हात तांब्याकडे जातो.
माईंचा ताप कमी आहे. देवाची कृपा. अजून उठू देत नाहीत.

ता. २४
दोन कुंड्यांत कळ्या, एक उमलली. लाल. रोवलेला शेंडा हिरवा आहे, मूळ धरले की नाही कळत नाही. माई घरी कधी, डॉक्टर सांगत नाहीत. नाना उद्या पुन्हा मुंबईला जाणार. सासूबाई म्हणाल्या, "फूल दे खुडून त्यांच्याबरोबर. बरं वाटेल तिला." कात्री घेऊन गेले, तशीच परत आले. नानांना म्हटले, "फूल आलंय म्हणून सांगा. कुंडीतच ठेवलंय म्हणावं." नाना हसले, पुष्कळ दिवसांनी.
आज पाणी घातले नाही.