आईला विचारलंस का?

३ मार्च, मंगळवार

दादाने आज चष्मे करायला सांगितले. एक नाही, दोन! आणि वर म्हणतो, "घाई नाही गं, महिनाअखेरीपर्यंत दिलेस तरी चालतील."

मी काय दुधखुळी आहे? बाबांच्या मागे इतकी वर्षं हे दुकान चालवतेय. एरवी माणूस काडी मोडली तर दोरा गुंडाळून वापरतो, पण दुसरा चष्मा करत नाही. दोन जोड एकदम कोण सांगतं? जो राज्य सोडून चालला तो! तिकडे दुकान कुठलं, माणूस कसा, नंबर नीट काढेल की नाही, म्हणून ओळखीच्या दुकानातून बेगमी करून न्यायची. बँकेतले साहेब असेच गेले. गाण्याच्या बाई गेल्या. कोपऱ्यावरचा औषधवाला गेला, त्याने तर बायकोचेही दोन नेले.

आणि आता माझा सख्खा भाऊ. तोंडाने एक अक्षर नाही. चष्म्यावरून कळायचं मला!

मीही विचारलं नाही. मुद्दाम त्याला न शोभणारी फ्रेम काढून दाखवली. त्याने तीच पसंत केली.

४ मार्च, बुधवार

झोप लागली नाही, म्हणून सकाळीच जाऊन विचारलं. खरं आहे. मे महिन्यात जाणार.

"कधी ठरलं?"

"झाले थोडे दिवस."

थोडे दिवस म्हणजे किती, तर गप्प. हा लहानपणापासून असाच. आपण मूग गिळून बसायचं आणि समोरच्याला बडबड करायला लावायचं. मग सगळे म्हणणार, बहीण तापट, भाऊ किती शांत!

कारण विचारलं तर म्हणे पगार. तिकडच्या कॉलेजात कायमची नोकरी मिळतेय. इथे अकरा वर्षं कंत्राटी शिकवतोय. दरवर्षी उन्हाळ्यात काढतात, सुट्टी संपली की परत घेतात. कायम करू, कायम करू म्हणून सरकारने तोंडाला पानं पुसली. मला ठाऊक नाही का? त्याच्यापेक्षा मला जास्त राग आहे त्याचा! मोर्चा निघाला तेव्हा दुकान बंद ठेवून मी गेले होते. घोषणा देऊन माझा घसा बसला आणि हा मागे उभा राहून पेपर तपासत होता.

"मग भांड ना," म्हटलं. "जातोस कशाला?"

"किती भांडू?"

"आणि आई?"

"बघू."

बघू! आई काय सिनेमा आहे? बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे, दुकानावरच्या खोल्यांत. हा दोन गल्ल्या सोडून राहतो, पण रोज संध्याकाळी येऊन तिच्यापाशी तासभर बसतो. दोघं काय कुजबुजतात देव जाणे. मी वर गेले की विषय बदलतात. त्या तासाच्या भरवशावर ती बाई दिवस काढते, आणि हा निघाला!

"आईला विचारलंस का?" म्हटलं. तर खाली मान घालून चष्मा पुसत बसला. आधीच स्वच्छ होता!

८ मार्च, रविवार

आजचा शोध — पगार वगैरे काही नाही! समोरच्या शिंप्याला दादाने सांगितलंय, "मुलीच्या शाळेसाठी जातोय." दूधवाल्याला सांगितलंय, "पाण्याचा त्रास फार." वहिनींच्या आईला म्हणे सांगितलंय, "हवा मानवत नाही." आणि घरमालकाला बदली!

एका माणसाला जायला इतकी कारणं लागत नाहीत. एक पुरतं, खरं असेल तर.

हवेचं कारण वहिनींचं असणार. भाचीला खोकला येतो म्हणे. कालच माझ्यासमोर बसून तिने दोन आइस्क्रीम संपवली. शेवटच्या चमच्यापर्यंत एकदाही खोकली नाही.

११ मार्च, बुधवार

दुपारी एका मुलीचे डोळे तपासत होते आणि वीज गेली. मी सवयीने म्हणतेय, "खालची ओळ वाचा," ती म्हणते, "ताई, कुठली ओळ?" अंधारात बसून दोघी हसलो. मग तिने सांगितलं की शिक्षकांची परीक्षा पास होऊन दोन वर्षं झाली, नेमणूक नाही. शेजारच्या राज्यात लगेच घेतात.

मी म्हटलं, "मग दोन जोड करू का?"

ती म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

माझं हसू गेलं. मी काही इथली आरती ओवाळत नाही. वीज जाते. पाणी दिवसाआड, तेही गढूळ. आमच्या गल्लीचा रस्ता खणून ठेवलाय, त्यात माणसं पडतात आणि निवडणुकीला तेच खणणारे हात जोडून दारात येतात. संताप येतो! पण म्हणून काय सगळ्यांनी उठायचं? सगळी शहाणी, शिकलेली, चष्मेवाली माणसं गेली की मागे कोण? ते खणणारे आणि मी!

१५ मार्च, रविवार

दादा, वहिनी, भाची जेवायला. ठरवलं होतं, बोलायचं नाही. वरणभातापर्यंत टिकले.

वहिनी म्हणाल्या, तिकडे क्वार्टर आहे, मागे मोकळी जागा आहे. मी म्हटलं, "दुरून डोंगर साजरे! चार महिन्यांत कळेल. तिकडची माणसं तुसडी, भाषा तोडून टाकल्यासारखी, पाणी जड."

आई म्हणाली, "पाणी गोड आहे तिकडचं."

बघा! ज्याने टाकून जायचं ठरवलं त्याचीच बाजू! मी रोज हिच्या गोळ्या काढून देते, हिचे गुडघे चोळते, ते कुठे गेलं? जो दूर तो लाडका, जो जवळ तो दोडका. मी ताट उचललं आणि आत गेले. भाचीने विचारलं, "आत्या रागावली?" दादा म्हणाला, "नाही, आत्याचा आवाजच तसा आहे."

आवाज! माझ्या आवाजावर खापर फोडून हा मोकळा.

१९ मार्च, गुरुवार

त्याचे चष्मे तयार होऊन आलेत. कळवलं नाही. बसू दे वाट बघत.

२२ मार्च, रविवार

आज व्हायचं ते झालं.

सहज म्हणून दादाच्या घरी गेले तर दिवाणखान्यात खोकी. भिंतीवरचं घड्याळ उतरवलेलं, त्याच्या जागी पांढरा गोल. मे महिना म्हणाला होता ना? तर म्हणे कॉलेजचं सत्र तिकडे लवकर सुरू होतं, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच निघतोय. हेही मला कुणी सांगितलं नव्हतं! मी कोण? मी चष्मेवाली!

मग मी बोलले. सगळं बोलले. पळपुटा म्हटलं. बाबांच्या आजारपणात रात्री कोण बसलं होतं ते काढलं. "तू जा, वहिनींना ने, मुलीला ने, पण त्या म्हातारीच्या तोंडाकडे एकदा बघ. आयुष्य या गावात गेलं तिचं. संध्याकाळी दाराकडे बघत बसेल, तेव्हा मी काय सांगू? पगार? शाळा? पाणी? कुठलं कारण सांगू, निवडून दे! आईला विचारलंस का एकदा तरी?"

वहिनी खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "ताई, तुम्हीच एकदा बोला ना आईंशी."

"मला शिकवू नका," म्हटलं. "मी रोज बोलते तिच्याशी."

दादा त्यांना म्हणाला, "राहू दे."

काय राहू दे? काय राहू द्यायचंय? मी दार आपटून निघाले. चप्पल तिथेच राहिली, अनवाणी आले त्या खणलेल्या रस्त्यावरून. पाय कापला. तेही त्याच्याच खात्यावर.

२४ मार्च, मंगळवार

आई दोन दिवस कपाट आवरतेय. दादाला काय काय द्यायचं ते काढतेय म्हणे. काढ! कर रिकामं घर!

तिच्याशी बोलायचं तर काय बोलू? "तुझा मुलगा तुला टाकून चाललाय, तुला कसं वाटतं" असं विचारू? तिला रडताना बघायची माझी छाती नाही. म्हणून तर मी ओरडते त्याच्यावर. कुणीतरी तिच्या वतीने ओरडायला हवं.

आज राहून राहून आठवतंय. मलाही एक स्थळ आलं होतं, बाहेरच्या राज्यातलं. मुलगा चांगला होता. मला आवडला होता! बाबा म्हणाले, "एवढ्या लांब पोरगी देणार नाही. परका मुलूख, परकी माणसं, कोण आहे तिथं तिचं?" आई काही बोलली नाही. उठून आत गेली. मला तेव्हा तिचाही राग आला होता. माझ्या बाजूने एक शब्द टाकला असता तर? मग दुसरं स्थळ जमलं नाही, बाबांची नजर गेली, दुकान माझ्या गळ्यात पडलं. मी राहिले. मला कुणी "का राहिलीस" असं विचारत नाही. जाणाऱ्याला सगळे विचारतात, निरोप देतात, डोळे पुसतात. राहणाऱ्याला म्हणतात, "तुम्ही काय, इथेच!"

२९ मार्च, रविवार

दादा चप्पल घेऊन आला. चष्मे न्यायला आलो म्हणाला.

बोलायचं नाही असं ठरवून त्याला खुर्चीत बसवलं. चष्मा घातला. भयंकर दिसत होता त्या फ्रेमीत! माझंच काम. काड्या गरम करून कानामागे वाकवल्या, पुन्हा घातला, पुन्हा काढला. कानामागे सगळे केस पांढरे झालेत. केव्हा झाले? मी रोज बघते त्याला.

म्हटलं, "दुसरी फ्रेम घालून देते. ही बरी नाही दिसत."

"मला माहितेय," म्हणाला. "तू रागात दिलीस म्हणून घेतली. नाही म्हटलं असतं तर भांडलो असतो."

असं काही बोलतो हा, की धड रागावताही येत नाही! तरी मी म्हटलंच, "मला खरं कारण सांग. एक."

त्याने चष्मा काढून काउंटरवर ठेवला. मग म्हणाला, "मला बोलू नको म्हणून सांगितलंय. तू आईला विचार."

"विचारीनच," म्हटलं. "तुझ्यासमोर विचारते. उद्या संध्याकाळी ये, वहिनींनाही आण. ती रडायला लागली ना, की मग मला शांत राहा म्हणू नकोस."

तो हो म्हणाला. चेहरा असा केला, जणू मीच रडणार आहे.

३० मार्च, सोमवार

विचारलं. सगळ्यांसमोर. "आई, तुला टाकून हे चाललेत. तुला चालणार आहे का?"

आई पलंगावर लुगड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "मला टाकून कुठं? मी चाललेय. हे माझ्याबरोबर येताहेत."

तिकडे नोकरी बघ, असं तिनेच दादाला सांगितलं होतं. गेल्या वर्षीच. मला सांगू नको, हेही तिनेच.

मी म्हटलं, "या वयात? परक्या मुलखात?"

"परका तुला. माझा जन्म तिथला."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. कधी लक्षातच आलं नव्हतं.

"पण का, आई? माझं काही चुकलं का? इथं काय कमी पडलं तुला?"

तिने हातातली घडी पेटीत ठेवली. म्हणाली, "लग्न करून इथं आणलं, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, का चाललीस म्हणून. आता परत जाताना तू नको विचारूस."

मी नाही विचारलं. खाली बसून पेटी भरू लागले.